कॉफीचा बॉयलर

अप्पा कुठल्याही वस्तूला आधी हाताची पाठ लावायचे. तळवा मागनं.

चहाचा कप असो, दाराची कडी असो, नुकतीच उभी केलेली स्कूटर असो, नाहीतर तापानं फणफणलेलं माणूस असो. बोटं आत दुमडायची, मनगट जरा वाकवायचं, हाताची पाठ हळूच टेकवायची आणि लगेच मागं घ्यायची. मग म्हणायचे, "निधान." हा कानडी शब्द. म्हणजे सावकाश. गल्लीतल्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या घोड्यालाही अशी पाठ लावली. घोडा बिथरला, नवरदेव एका अंगाला कलला, बॅंड थांबला. अप्पा शांतपणे म्हणाले, "इंजिन गरम हाय. पाणी दावा त्याला." घोडेवाल्यानं दावलं. घोडा बादलीभर पाणी प्याला की.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेल. तुम्ही म्हणाल, खोड असती एकेकाची. पण अप्पांची ती खोड नव्हती, नोकरी होती.

सुताला रंग देणाऱ्या कारखान्यात अप्पा बॉयलरवर होते. बत्तीस वर्षं. रंगाला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो आणि बॉयलरला लायसनवाला माणूस लागतो. ते लायसन त्यांच्या घरात देवाच्या शेजारी काचेत लावलं होतं. दोघांनाही रोज उदबत्ती. एकदा मी विचारलं, हाताची पाठच का लावता? तर म्हणाले, "तळव्याला चटका बसू दे न्हाईतर करंट बसू दे, बोटं मिटत्यात. मिटली की माणूस धरून बसला. पाठीला बसला की हात आपसूक मागं येतो."

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पण हे मला लगेच समजलं.

बॉयलरवर आणखी एक कायदा असतो, तो मला अप्पांमुळंच कळला. बॉयलर एकटा सोडायचा नाही. पाळी संपली तरी दुसरा माणूस येतो, काचेतलं पाणी स्वतःच्या डोळ्यांनी बघतो, आणि 'घेतला' म्हणतो. तो असं म्हणत नाही तोवर पहिल्यानं जागचं हलायचं नाही. स्वतःच्या पोरीच्या साखरपुड्याला अप्पा दीड तास उशिरा आले. पाहुणे खोळंबलेले, पोरगी रडकुंडीला आलेली. बदलीचा माणूस आला नव्हता, मग अप्पा कसे येणार? आले ते कोळशानं काळे होऊन. होणाऱ्या जावयानं पाया पडून हात पुढं केला, तर अप्पांनी त्याच्या हाताला हाताची पाठ लावली. "थंड हाय," म्हणाले. "चालतंय." तो जावई आज अकलूजला साखर कारखान्यात आहे. अजून थंडच आहे. चांगला माणूस.

अप्पांचं घर आणि आमचं घर, मधी एक भिंत. त्यांची बायको लई आधी गेली. पोरगी अकलूजला नांदायला गेली आणि ते एकटे राहिले. अक्कलकोटकडचे लिंगायत, घरात कानडी बोलणारे. मराठी बोलायचे ते धडाधड, पण बाई-बाप्या सगळं एकच करून टाकायचे. मला ते नावानं कधीच हाक मारायचे नाहीत. "काय जॉबर?" एवढंच.

कारण मी जॉबर होतो. टॉवेलच्या कारखान्यात. जॉबर म्हणजे बंद पडलेला माग चालू करून देणारा माणूस. माग बंद पडला की विणकर हाक मारायचा, मी पाना घेऊन जायचो, माग खडखडायला लागला की माझं काम झालं. उभा जन्म मी बंद पडलेली मशिनं चालू केली. चालू मशिन बंद करणं हे माझं काम कधी नव्हतंच.

घरातही तेच. टीव्ही मी लावायचो, बंद ही करायची. पंखा, दिवा, पाण्याची मोटार, सगळं असंच. चाळीस वर्षं आमची अशी वाटणी होती आणि ती वाटणी आहे हे मला माहीतच नव्हतं. ही गेली, आणि घरातलं सगळं चालूच राहायला लागलं.

पहिलं पातेलं जळालं तेव्हा मी चहा ठेवून ओट्याकडं पाठ करून बसलो होतो. कशाचा विचार करत होतो ते सांगत नाही. दुसरं जळालं तेव्हाही तसंच. तिसऱ्याला तर बूडच राहिलं नाही. मी तिन्ही पातेली गोणपाटात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. वाटलं, संपलं.

आमचा पोरगा पुण्याला असतो. सणाला आला आणि काहीतरी काढायला माळ्यावर चढला. वरनं एकामागं एक तीन काळी पातेली खाली आली. तिसरं घरंगळत माझ्या पायाशी येऊन थांबलं.

पोरगा खाली उतरला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"नाना, जळाल्याचं काय न्हाई," तो म्हणाला. "भांडी जळतात. लपवलं कशाला?"

त्यानं त्याच दिवशी गॅस काढून नेला आणि मला जेवणाचा डबा लावून दिला. पुढच्या फेरीला येताना एक मशिन घेऊन आला. कॉफीचं. त्यानं नवं घेतलं होतं, हे त्याचं जुनं. म्हणाला, "सकाळी गरम काहीतरी लागतं तुम्हाला. यात जाळ न्हाई. पण हे आपोआप बंद होत न्हाई, बटण तुम्हालाच बंद करावं लागेल. आणि एक सांगून ठेवतो नाना, आता परत एकदा काय चालू राहिलं, तर सरळ पुण्याला. मग तुमचं काही ऐकणार न्हाई."

पुण्याला काही वाईट नाही. सून चांगली आहे. लिफ्ट आहे. पण आमच्या ओट्यावर एक जागा आहे, जिथं हिनं चाळीस वर्षं भाकरी थापली. तिथली फरशी घासून गुळगुळीत झालीय, जरा खोलगटच म्हणा की. सकाळी उठून मी तिथं हात ठेवतो. पुण्यात कुठं ठेवू?

तर असं ते मशिन घरात आलं. काळं डबडं. मागं पाण्याची टाकी, वर चाळणीची वाटी, तिच्या खाली काचेचं भांडं, भांड्याखाली तापणारी थाळी आणि बाजूला लाल दिव्याचं बटण. पोरानं दोन मिनटांत सगळं सांगितलं आणि गाडीला गेला. मी ऐकलं सगळं. डोक्यात काही शिरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध, साखर, कॉफीची पूड असं सगळं ओट्यावर मांडलं. आमच्याकडं कॉफी म्हणजे दुधात सगळं घालून उकळायची. टाकीचं झाकण उघडलं आणि दुधाचं पातेलं उचललं, तेवढ्यात दारातनं आवाज आला.

"ब्याड! दूध ब्याड!"

ब्याड म्हणजे नको. अप्पा चपला काढायच्या आधीच आत आले आणि माझं मनगट धरलं. पुढं विचारलं, "हे काय हाय?"

"कॉफीचं मशिन."

अप्पांनी मशिनला हाताची पाठ लावली. मागं गेले, पुढं आले, खाली वाकून बघितलं, टाकीत डोकावलं. त्यांचा चेहराच बदलला. निवृत्त झाल्यापासून मी त्यांना इतकं खूश बघितलं नव्हतं.

"जॉबर," ते हळूच म्हणाले, "हा बॉयलर हाय की रे!"

"कॉफीचा."

"कशाचा का असंना. पाणी आत, आग खाली, वाफ वर. ह्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह कुठं हाय?"

"न्हाई बहुतेक."

"न्हाई? पाणी संपल्यावर काय होतं?"

"पोरगा म्हणाला, बटण बंद केलं न्हाई तर थाळी तापतच राहती."

अप्पा एक पाऊल मागं सरले. "म्हणजे कोरडा बॉयलर! कोरडा बॉयलर म्हणजे काय माहीत हाय का तुला?"

"अप्पा, दोन कपांचं डबडं हाय ते."

"वाफेला कप कळत न्हाई!"

मग त्यांनी तपासणी सुरू केली. मी वायर लावली होती ती जोडबोर्डाला. त्याच बोर्डावर टीव्ही आणि फोनचा चार्जर. अप्पांनी ती पिन अशी काढली, जशी लहान पोराच्या तोंडातनं माती काढतात. "तापणारं मशिन भिंतीला. थेट. तीन भोकांच्या सॉकेटला. दुसरा भागीदार न्हाई पाहिजे त्याला." मग मशिन नळापासून दूर सरकवलं, ओटा कोरडा पुसला, लोंबणारी वायर आत घेतली. "हितं पदर अडकला, हात अडकला, की उकळतं पाणी अंगावर." पदर आता कुणाचाच अडकणार नव्हता. तेही त्यांच्या ध्यानात आलं. पुन्हा एकदा ओटा पुसला.

टाकीवर आकडे होते, पण इंग्रजीत आणि बारीक. अप्पांनी घरनं खडू आणला आणि दोन कपांच्या पाण्याला रेघ मारली. "हिच्या खाली आग लावायची न्हाई, हिच्या वर पाणी भरायचं न्हाई." वाफेनं रेघ पुसली जायची. ते रोज नवी मारायचे.

मग मशिन चालू केलं. लाल दिवा लागला, आत घुर्र घुर्र सुरू झालं. मी निघालो कप आणायला, तर म्हणाले, "कुटं चाललास? ऐक. पाणी हाय तोवर असा आवाज. संपत आलं की म्हाताऱ्यासारखी घशात खरखर होती. ती झाली की थांबायचं न्हाई."

खरखर झाली. अप्पा ताठ झाले.

"मशिनचं बटण. दिवा गेला? बघ, डोळ्यानं बघ. आता भिंतीचं बटण. हात ओला हाय का? पूस. आता पिन. वायर वढू नको, टोपी धर. हां. आता भांडं उचल. थाळीला हात न्हाई, बंद असली तरी ती तापलेली हाय. गरम भांडं ओल्या फरशीवर ठेवू नको, काच तडकती. फडक्यावर ठेव. आयतु."

आयतु म्हणजे झालं.

आम्ही पहिला घोट घेतला. कपातलं पाणी काळंभोर होतं.

"जॉबर, ही कॉफी हाय का रंग?"

"तुमच्या कारखान्यातलं वाटतंय."

"आमच्या कारखान्यात असला रंग नापास झाला असता."

पुढं दूध वेगळं घालायला शिकलो. दूध ते त्यांच्या घरनं तापवून आणायचे, कारण माझ्याकडं गॅस नव्हता. रोज सकाळी सातला दार वाजायचं. हातात दुधाचं भांडं, खिशात खडू.

एकदा पाहुणा आला म्हणून मी पहिली कॉफी झाल्या झाल्या तापलेल्या टाकीत गार पाणी ओतलं. आतनं फस्सकन वाफ आली ती बोटावर. अप्पांनी माझा हात नळाखाली धरला आणि पाहुण्यासमोर मला झाडलं. "तापलेल्या बॉयलरात गार पाणी? दहा मिनटं दम निघाला न्हाई? लायसन काढून घेईन तुझं!"

"मला कुठं लायसन हाय?"

"म्हणूनच!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी परीक्षा ठेवली. डोळे मिटून सांगायचं, बंद करताना आधी काय, मग काय. पहिल्यांदा मी भिंतीचं बटण विसरलो. दुसऱ्यांदा सगळं बरोबर सांगितलं पण हात पुसायचा राहिला. तिसऱ्यांदा पास झालो. अप्पांनी कॅलेंडरच्या मागच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'कॉफी बॉयलर, तिसरा वर्ग', खाली सही केली आणि भाताच्या शितांनी तो कागद भिंतीला चिकटवला. चौथीनंतर मी पास झालेली ही पहिली परीक्षा.

पोरगा रोज फोनवर विचारायचा, "बंद केलं का?" मग त्यानं नवं काढलं, उपसलेल्या पिनचा फोटो पाठवायचा. पहिल्या दिवशी माझ्या पायाच्या अंगठ्याचा फोटो गेला. पोरानं लिहिलं, 'नाना, हे पण बंद दिसतंय.' अप्पा तासभर हसत होते.

आमच्या बोअरच्या पाण्यानं दोन महिन्यांत मशिनची धार बारीक झाली. अप्पा म्हणाले, आत क्षार बसला, बॉयलरचं नेहमीचं दुखणं. टाकीत लिंबाचा रस घातलेलं पाणी फिरवलं, मग दोनदा साधं पाणी. त्या दिवशी ते लई रंगात आले होते. मशिनला थोपटून म्हणाले, "पोट साफ झाला की माणूस पण असाच चालतो."

आणखी एक सकाळ सांगतो. मी बटण बंद केलं, पिन काढली आणि तोंडातनं निघून गेलं, "बंद केलं गं." माझं मलाच कळलं नाही. अप्पा शेजारीच स्टुलावर होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. दाराबाहेर बघत म्हणाले, "जरा मोठ्यानं म्हण. तिला कुटं ऐकू यायचं एवढं?"

ही खरंच एका कानानं कमी ऐकायची. मी मोठ्यानं म्हटलं. त्या दिवसापासून रोज म्हणतो.

आता पेन्शनची गोष्ट. वर्षातनं एकदा आम्हा म्हाताऱ्यांना आपण जिवंत आहोत हे दाखवून द्यावं लागतं. अंगठा उमटवून. त्या सकाळी कॉफी निम्मी झाली होती तेवढ्यात गल्लीत कुणीतरी ओरडलं, चौकात अंगठा घेणारा आलाय, लगेच निघणार आहे. मी तशाच पायात चपला घातल्या.

"अप्पा, बघा जरा. आलोच पाच मिनटांत."

"घेतला," अप्पा म्हणाले.

पण माझ्या अंगठ्याच्या रेघा सुतानं खाल्लेल्या. मशिन काही माझा अंगठा ओळखेना. पुसून बघितला, दुसरा हात बघितला, रांगेच्या शेवटाला पाठवलं, परत आलो. दोन तास गेले तेव्हा कुठं मी जिवंत ठरलो.

गल्लीत शिरलो तर माणसं जमलेली. अप्पांच्या खिडकीतनं धूर.

झालं होतं ते असं. रोज दूध तापवून आणायचे, त्या सकाळी मात्र अप्पा ते गॅसवर ठेवूनच माझ्याकडं आले होते. रेघ मारायची, परत जाऊन दूध आणायचं. पोरगी दोन दिवसांसाठी माहेरी आली होती, ती घरात आहे असं ते धरून चालले. ती गेली होती मैत्रिणीकडं. आणि इकडं मी त्यांच्यावर मशिन टाकून गेलो. त्यांनी मशिन वेळेवर बंद केलं, पिन काढली, सगळं गार झालं. पण 'घेतला' म्हणणारा माणूस आला नव्हता. मग अप्पा उठतील कसे? बसले स्टुलावर, दोन तास, गार मशिनसमोर.

पोरगी परत आली तेव्हा पातेलं लाल झालं होतं आणि खिडकीचा पडदा करपला होता. तिनं गॅस बंद केला म्हणून निभावलं. आता ती माझ्या दारात उभी राहून बापावर ओरडत होती आणि रडत होती.

"अप्पा, तुमी? गावाला शानपण शिकवता, आनि सोताच्या घरात असलं? कुटं होता तुमी?"

अप्पा ओट्याकडं बघत होते. म्हणाले, "हितंच होतो. इसरलो. म्हातारा झालो."

एवढंच. माझं नाव नाही. मी मशिन चालू ठेवून गेलो हे त्या पोरीला कळलं तर ते आमच्या पोराला कळणार हे त्यांना ठाऊक होतं. ती त्याला राखी बांधते. बत्तीस वर्षं ज्याच्या बॉयलरनं कधी धोक्याची शिट्टी मारली नाही, तो माणूस सगळ्या गल्लीसमोर मान खाली घालून उभा होता. माझ्यासाठी.

गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. तसं गप्प बसायची मला सवय होती. पण तीन पातेली माळ्यावर टाकणं वेगळं, आणि माणूस टाकणं वेगळं.

मी म्हणालो, "पोरी, त्यांना बोलू नको. चालू मशिन त्यांच्या गळ्यात मारून मी गेलो. पाच मिनटं म्हणालो आणि दोन तासानं आलो. ते माझ्या घरात राखण करत बसले, म्हणून त्यांचं घर जळायला लागलं. चूक माझी हाय."

अप्पा माझ्याकडं बघून दातातल्या दातात म्हणाले, "ब्याड, जॉबर."

मी थांबलो नाही. तिथंच सगळ्यांसमोर पोराला फोन लावला आणि जे झालं ते सगळं सांगितलं.

"नाना, हे तुम्ही आपणहून सांगताय?"

"व्हय. दुसऱ्यानं सांगायच्या आत."

"मशिन बंद झालं होतं?"

"अप्पांनी केलं. मी न्हाई. मी चालूच सोडून गेलो होतो."

मी मनातल्या मनात पिशवी भरायला लागलो होतो. दोन धोतरं, हिचा फोटो, औषधं.

"राहा तिथंच," पोरगा म्हणाला. "असं सांगत राहणार असाल, तर राहा. मला आगीची भीती न्हाई एवढी वाटत. मला तुम्ही लपवता त्याची वाटते."

मी फोन ठेवला. मला वाटलं, सगळं निभावलं. पोरगीही शांत झाली, म्हणाली, "जाऊ दे मामा, माणसं धड हायत ना." लोक पांगले. मी अप्पांना म्हणालो, "चला, आता कॉफी करू. दूध मात्र गेलं तुमचं."

अप्पा हसले नाहीत. दोन घरांच्या मधल्या भिंतीकडं बघत होते.

"जॉबर, धूर कुटनं येत होता?"

"खिडकीतनं. सगळ्या गल्लीत वास होता की."

"हितं पण?"

"हितं पण. अजून हाय."

अप्पांनी दीर्घ श्वास घेतला. परत घेतला. "मला येत न्हाई," ते म्हणाले. "दोन तास बसलो हितं. मला काय वास आला न्हाई. आताबी येत न्हाई."

मी म्हणालो, सर्दी असेल. ते म्हणाले, "सर्दी न्हाई. लई दिवस झाले. उदबत्तीचा पण येत न्हाई. मी कुणाला बोललो न्हाई." मग पोरीकडं वळून एकदम साध्या आवाजात म्हणाले, "नाक न्हाई त्याला बॉयलरवर ठेवत न्हाईत. मी येतो तुझ्याकडं."

अकलूजला चला म्हणून ती किती वर्षं मागं लागली होती. आता ते 'येतो' म्हणाले, तर तिलाच काही सुचेना. मीच भांडलो त्यांच्याशी. म्हणालो, मी आहे की शेजारी, माझं नाक धडधाकट आहे. ते म्हणाले, "तुझं नाक तुझ्या घराला ठेव."

आठ दिवसांनी अकलूजहून जावई जीप घेऊन आला. सामान फार नव्हतं. लायसनची काच त्यांनी मांडीवर घेतली. पोरीनं घराला कुलूप लावलं आणि चावी हातात धरून उभी राहिली. अक्कलकोटच्या चुलत्यांकडं द्यावी की बरोबर न्यावी, असं नवऱ्याला विचारत होती.

"जॉबरकडं दे," अप्पा जीपमधनं म्हणाले.

तिनं माझ्याकडं बघितलं, मग बापाकडं. "मामांकडं?"

"दे म्हणतो की."

तिनं दिली. ज्या म्हाताऱ्याला स्वतःच्या घरात एकटं ठेवायला त्याचं पोरगं भीत होतं, त्याच्या हातात आता दोन घरं होती. जीप कोपऱ्यावर वळली तेव्हा अप्पांनी मागं बघितलं नाही. ते पुढं ड्रायव्हरसमोरच्या काट्यांकडं बघत असणार, मला खात्री आहे.

अकलूजहून पोरीचे फोन यायचे. हसून सांगायची, "मामा, अप्पांनी कॉलनीतल्या सगळ्यांच्या गीझरवर खडूनं रेघा मारल्यात. बायका आंघोळीच्या आधी त्यांना इचारून जातात." जावई त्यांना एकदा साखर कारखान्याचा मोठा बॉयलर दाखवायला घेऊन गेला. तिथल्या माणसाला अप्पांनी इतके प्रश्न विचारले की त्याला वाटलं, सरकारी तपासणी आली. दीड वर्ष असं मजेत गेलं त्यांचं. मग एका दुपारी जेवून पडले, ते उठलेच नाहीत. मी गेलो होतो. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्यांना बसतं ठेवलं होतं, कपाळभर विभूती लावून. चेहऱ्यावर कसलीच काळजी नव्हती.

दर सोमवारी मी त्यांचं घर उघडतो. खिडकी उघडतो, झाडून घेतो, मोरीत दोन तांबे पाणी ओततो म्हणजे वास मारत नाही. मग कॉटवर जरा बसतो. काम काही नसतं. हवा खेळली की कुलूप लावतो.

परवा पोरीचा फोन आला. अप्पांच्या घरात राहायला एक जोडपं तयार झालंय, नवीनच लग्न झालेलं. तेवढी चावी त्यांना देऊन टाकाल का, म्हणाली.

"नुसती देणार न्हाई," मी म्हणालो. "तू त्यांना घेऊन ये. मी सगळं दाखवतो. मीटर कुठं, मोरीचं पाणी कुठं जातं, कुठली फरशी हलते, कुठली खिडकी जोर लावल्याशिवाय लागत न्हाई. नुसत्या चावीनं घर कळत न्हाई कुणाला."

फोनात नुसती खरखर.

"अगं ऐकू येतंय का? सोमवारी या. आणि कॉफीत साखर किती घालतेस ते सांगून ठेव."

ती म्हणाली, "दोन चमचे, मामा."